रंगाआधी घासकाम : ट्रॅक्टर-ट्रॉली रंगवण्याची योग्य रीत



उसाचा गळीत हंगाम संपत आला, गहू-हरभऱ्याची मळणी उरकली, की ट्रॉली थोडी मोकळी होते. ट्रॅक्टरलाही नांगरटीची घाई लागेपर्यंत चार-आठ दिवस उसंत मिळते. या दिवसांत बरेच जण ट्रॉलीला रंग मारण्याचे काम काढतात. काम चांगलेच आहे. पण बहुतेक ठिकाणी रंगाचा डबा आधी उघडतो आणि पॉलिश पेपर मागाहून आठवतो. म्हणून या वेळच्या पत्रकात आपण ट्रॅक्टरचा पत्रा आणि ट्रॉली घासून रंगवण्याची रीत पाहणार आहोत. हीच रीत जुनी जीप, पिकअप, पाण्याचा टँकर यांनाही लागू पडते.

आधी माझीच एक चूक सांगतो. बी. एस्सी. (कृषी) होऊन मी गावी आलो, त्या वर्षीची गोष्ट. दसरा चार दिवसांवर आला होता. खंडेनवमीला औजारांची पूजा, तेव्हा ट्रॉली नवी दिसली पाहिजे असा माझा हट्ट. वडील म्हणाले, "अरे, पाऊस आत्ता कुठे उघडलाय, लोखंड अजून ओलं आहे. उन्हाळ्यात बघू." मी म्हटले, "आप्पा, तुम्ही नुसतं बघत राहा." संध्याकाळी ट्रॉली धुतली, सकाळी गंजावरच रेड ऑक्साइड फासले, दुपारी त्यावर निळा रंग. पूजेला ट्रॉली अशी चमकली की शेजारचे लोक भाव विचारू लागले.

होळीपर्यंत रंगाला फोड आले. नखाने दाबले की पापुद्रा निघे आणि खाली तांबडा भुगा. पण खरे नुकसान पुढेच होते. ट्रॉलीच्या ओढदांडीला, म्हणजे ड्रॉबारला, वेल्डिंगच्या जागी बारीक तडा होता. मी घासलेच नव्हते, त्यामुळे तो दिसला नाही, आणि वर रंग बसल्यावर तर दिसणे शक्यच नव्हते. ऐन तोडणीत भरल्या ट्रॉलीची दांडी तुटली. सुदैवाने शेतातला सपाट रस्ता होता आणि मागे कोणी नव्हते. हेच घाटात किंवा कारखान्याच्या रस्त्यावर झाले असते तर काय, हा विचार आजही मनात येतो.

तेव्हापासून मी एक गोष्ट धरून आहे. रंगकाम हे शोभेचे काम नव्हे, ती यंत्राची तपासणी आहे. आणि ही तपासणी घासताना होते, रंगवताना होत नाही.

गंज कसा धरतो

लोखंडाला पाणी आणि हवा एकत्र मिळाली की गंज धरतो. त्यात खारटपणा मिसळला की तो झपाट्याने वाढतो. आपल्या ट्रॉलीत काय काय भरले जाते ते आठवून पाहा. रासायनिक खते, शेणखत, मळी, ओला ऊस. म्युरेट ऑफ पोटॅशमध्ये क्लोराइड असते आणि क्लोराइड हा लोखंडाचा मोठा वैरी. खताची पोती उतरल्यावर खाली सांडलेले खत सांदीत बसते, रात्रीचे दंव पिते आणि पत्रा आतून खाते. किनारपट्टीवरच्या भागात तर खारी हवाच हे काम करते.

गंजाचा आणखी एक गुण ध्यानात ठेवा. गंज झालेले लोखंड मूळ लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा व्यापते. म्हणून रंगाखाली गंज राहिला तर तो फुगतो आणि रंगाला उचलून टाकतो. त्याला फोड आला असे आपण म्हणतो. रंग वाईट होता असे म्हणून दुकानदाराला बोल लावतो. दोष बहुधा रंगाचा नसतो, खालच्या जमिनीचा असतो. मशागत न करता पेरले आणि बियाण्याला नावे ठेवली, तसलाच हा प्रकार.

काम केव्हा काढावे

फेब्रुवारीपासून मेच्या मध्यापर्यंतचा काळ उत्तम. हवा कोरडी असते आणि पत्रा पुरता वाळतो. वळवाचे ढग जमू लागले की हात आवरावा. दसऱ्यासाठीच रंगवायचे असेल तर घासकाम आणि प्रायमर, रंगासह सारे, उन्हाळ्यातच करून ठेवावे. दसऱ्याला नुसते धुऊन-पुसून पूजा करावी.

दिवसातली वेळही पाहावी. पहाटेचे दंव पत्र्यावर असते, ते डोळ्यांना दिसत नाही पण हाताला गार लागते. ते पूर्ण उडाल्यावर काम सुरू करावे. भर दुपारी उन्हात तापलेल्या पत्र्यावर रंग मारू नये. रंग वरून चटकन सुकतो, आतला थिनर कोंडतो आणि बारीक भोके व सुरकुत्या पडतात. झाडाखाली काम केले तर पाने आणि पाखरांची विष्ठा यांचा त्रास होतो. उघड्या बाजूंची शेड सर्वांत चांगली. वारा सुटला असेल तर त्या दिवशी घासावे, रंगवू नये.

सामान काय लागेल

तारेचा ब्रश, पत्रा खरवडायची पत्ती, पॉलिश पेपर, पाण्याने घासायचा वॉटर पेपर, धुण्याचा सोडा, जुनी स्वच्छ सुती फडकी, रेड ऑक्साइड झिंक फॉस्फेट प्रायमर, सिंथेटिक एनॅमल रंग, मिनरल टर्पेंटाइन, दोन ब्रश, चिकटपट्टी आणि जुनी वर्तमानपत्रे. डोळ्यांना चश्मा आणि नाकातोंडाला धुळीचा मास्क हे सामानातच धरावे.

रंग किती आणावा, याचा हिशेब करून पाहू. समजा ट्रॉली १० फूट लांब, ६ फूट रुंद आणि बाजूचे पत्रे २ फूट उंच आहेत. तळ आतून ६० चौरस फूट, खालून ६०. बाजू आतून ६४, बाहेरून ६४. एकूण २४८ चौरस फूट, म्हणजे सुमारे २३ चौरस मीटर. एक लिटर एनॅमल ब्रशने एका हाताला साधारण दहा चौरस मीटरला पुरते. म्हणजे एका हाताला सव्वादोन ते अडीच लिटर आणि दोन हातांना पाच लिटर. सांगाडा आणि दांडी यांसाठी थोडा जास्त धरावा. प्रायमरचाही अंदाज असाच काढावा. सगळा रंग एकाच वेळी आणि एकाच छटेचा घ्यावा, म्हणजे निम्म्यावर छटा बदलत नाही.

पायरी पहिली : धुणे

घासण्याआधी धुवावे, हा क्रम कधी उलटा करू नये. पत्र्यावर ग्रीस किंवा ऑइल असताना पेपर मारला तर तेच तेल ओरखड्यांत भरते आणि तिथे रंग धरत नाही. आधी वाळलेली माती व शेण पत्तीने काढा. मग कोमट पाण्यात धुण्याचा सोडा घालून ब्रशने घासा आणि भरपूर साध्या पाण्याने धुवा. कोपरे, सांदी आणि फाळक्याच्या बिजागऱ्या विसरू नका, खत तिथेच साचलेले असते. तळाला पाणी जायची भोके असतील ती मोकळी करा. एक दिवस कडक उन्हात वाळवा.

पायरी दुसरी : तपासणी

आता स्क्रू-ड्रायव्हरच्या टोकाने गंजलेल्या जागा टोचून पाहा. टोक आत गेले तर तो पत्रा संपला आहे. तिथे लांबी भरून उपयोग नाही. कुजका तुकडा कापून नवा पत्रा वेल्डिंग करून घ्या. ट्रॅक्टरला वेल्डिंग किंवा ग्राइंडर लावण्यापूर्वी बॅटरीच्या वायरी सोडा. रंग, थिनर आणि डिझेल तिथून लांब ठेवा.

ओढदांडी, हूक, टर्न-टेबल असेल तर त्याचे जोड, धुऱ्याच्या पाट्यांचे जोड, यांवरचा जुना रंग तारेच्या ब्रशने पूर्ण काढा. तडा शोधायची एक साधी युक्ती आहे. जोडावर रॉकेल किंवा डिझेल लावा, दहा-पंधरा मिनिटे थांबा, फडक्याने कोरडे पुसा आणि वर खडूची पूड चोळा. तडा असेल तर आत शिरलेले तेल बाहेर येते आणि पांढऱ्या पुडीवर ओली रेघ उमटते. रेघ दिसली तर रंगकाम थांबवा आणि आधी चांगल्या वेल्डरला दाखवा. तपासणी झाल्यावर ती जागा सोड्याच्या पाण्याने पुन्हा धुऊन तेल पूर्ण काढा.

पायरी तिसरी : घासणे

पेपरच्या मागे आकडा छापलेला असतो. आकडा लहान तर दाणा जाड, आकडा मोठा तर दाणा बारीक. कोणता पेपर कुठे वापरावा ते असे :

६० ते ८० : गंज आणि सुटलेला रंग काढण्यास.
१२० ते १८० : लांबीला आकार देण्यास, जाड ओरखडे मोडण्यास.
२२० ते ३२० : जुन्या रंगाच्या कडा निमुळत्या करण्यास, प्रायमरवर.
४०० : शेवटच्या रंगाआधी, पाण्याने.
६०० : बॉनेट किंवा जीपसारखा गुळगुळीत पत्रा स्प्रेने रंगवायचा असेल तर.

एका पेपरवरून दुसऱ्यावर जाताना मधल्या पायऱ्या गाळू नका. ८० चे ओरखडे ४०० ने जात नाहीत. ते रंगाखाली झाकल्यासारखे वाटतात आणि रंग सुकून बसला की वर दिसू लागतात.

पेपर नुसत्या बोटांनी धरू नका. बोटांच्या जागी खोलगट पट्टे पडतात. सपाट जागी लाकडी ठोकळ्याला आणि गोलाईवर जुन्या रबरी चपलेच्या तुकड्याला पेपर गुंडाळा. हात लांब आणि सरळ चालवा, मग त्याला तिरका छेद देऊन चालवा. एकाच जागी गोल गोल घासू नका.

जुना रंग घट्ट असेल तर तो सगळा काढायची गरज नाही. त्याची परीक्षा अशी. ब्लेडने रंगावर बारीक चौकड्या पाडा, वर चिकटपट्टी दाबून बसवा आणि झटक्यात ओढा. चौकड्या पट्टीबरोबर निघाल्या तर तो रंग खालपर्यंत काढावा लागेल. नाही निघाल्या तर नुसती चमक मोडेपर्यंत ३२० ने घासा. जिथे जुना रंग संपतो आणि उघडा पत्रा लागतो, तिथली कड हाताला लागणार नाही इतकी निमुळती करा. डोळे मिटून तळहात फिरवा. डोळ्यांना जे दिसत नाही ते तळहात सांगतो.

गंजाचे खड्डे चकचकीत लोखंड दिसेपर्यंत साफ झाले पाहिजेत. खोल खड्ड्यात काळपट गंज राहिलाच तर फॉस्फोरिक आम्लाचे गंजनाशक मिळते. ते हातमोजे घालून, बाटलीवरील सूचनेप्रमाणे वापरावे.

सर्वांत महत्त्वाचे म्हणजे उघडे केलेले लोखंड रात्रभर तसेच ठेवू नये. एका रात्रीच्या दंवाने त्यावर नवा गंज धरतो. जेवढ्या भागाला त्याच दिवशी प्रायमर लागेल तेवढाच भाग उघडा करावा. आज डावी बाजू, उद्या उजवी, असे काम वाटून घ्यावे.

पायरी चौथी : लांबी

पोचा किंवा खड्डा राहिला असेल तर मोटारीची दोन भागांची लांबी वापरावी. मुख्य लगदा आणि हार्डनर यांचे प्रमाण डब्यावर दिलेले असते, साधारण १०० ग्रॅमला २ ग्रॅम. उन्हाळ्यात ही लांबी पाच-दहा मिनिटांत दगड होते, म्हणून लिंबाएवढीच कालवावी. थर २-३ मिलिमीटरपेक्षा जाड देऊ नये. खोल पोचा आधी हातोडीने शक्य तितका वर काढावा. ही लांबी कोरडीच घासावी. ती पाणी पिते आणि ते पाणी रंगाखाली राहून गंज करते.

भिंतीची पांढरी पुट्टी लोखंडाला कधीही वापरू नये. ती स्वस्त पडते म्हणून काही जण भरतात. ट्रॉलीच्या पहिल्या हादऱ्याला ती खपली होऊन पडते.

पायरी पाचवी : प्रायमर

धूळ झटका, टर्पेंटाइनने ओलसर केलेल्या फडक्याने पुसा आणि लगेच दुसऱ्या कोरड्या फडक्याने पुसून घ्या. एकच फडके फिरवत राहिले तर मळ काढण्याऐवजी सगळीकडे पसरतो. शेवटच्या पुसण्याला रॉकेल नको, त्याचा तेलकट थर मागे राहतो.

प्रायमरचा डबा तळापासून नीट ढवळा. जड भाग खाली बसलेला असतो आणि गंज रोखण्याचे काम तोच करतो. आधी कडा, कोपरे, वेल्डिंगचे जोड आणि बोल्टची डोकी यांना ब्रशने एक हात द्या. रंग कडेवरून सरकून पातळ होतो आणि गंजाची सुरुवात तिथूनच होते. मग सगळीकडे हात द्या. तळाला, आतून आणि खालून, दोन हात द्यावेत. ट्रॉलीला ब्रशच चांगला, तो खड्ड्यांत प्रायमर दाबून भरतो. रात्रभर वाळू द्या, मग ३२० ने हलके घासून धूळ पुसा.

पुष्कळ जण रेड ऑक्साइड मारून ट्रॉली तशीच वापरतात आणि पुढच्या वर्षी रंग देऊ म्हणतात. ही मोठी चूक आहे. साध्या प्रायमरच्या थरातून ओल हळूहळू आत जाते. तो रंगाला धरून ठेवण्यासाठी असतो, पाऊस अडवण्यासाठी नव्हे. पैसे कमी असतील तर अर्ध्याच ट्रॉलीचे काम काढा, पण ते रंगापर्यंत पुरे करा.

पायरी सहावी : रंग

एनॅमल ढवळून जुन्या पातळ कापडातून गाळून घ्या. ब्रशसाठी डब्यावरील सूचनेप्रमाणे थोडेच टर्पेंटाइन घालावे. एक जाड हात देण्यापेक्षा दोन पातळ हात द्यावेत. जाड रंग ओघळतो, वरून सुकतो आणि आत कच्चा राहतो. दोन हातांमध्ये रात्र जाऊ द्यावी आणि मध्ये ४०० चा वॉटर पेपर हलका फिरवावा. पेपर आधी पंधरा मिनिटे पाण्यात भिजवा आणि पाण्यात साबणाचे चार थेंब टाका, म्हणजे पेपर भरून येत नाही. घासल्यावर स्वच्छ पाण्याने धुऊन पत्रा पूर्ण वाळवा. मात्र कुठे घासून उघडे लोखंड दिसू लागले तर तिथे आधी प्रायमर लावा.

बॉनेट व मडगार्ड स्प्रे गनने मारायचे असतील तर गन पत्र्यापासून एक वीत अंतरावर ठेवा. मनगट वळवून कमान काढू नका, सगळा हात पत्र्याला समांतर न्या. पत्र्याच्या बाहेर असतानाच घोडा दाबा आणि बाहेर गेल्यावर सोडा. दर पट्टा आधीच्या पट्ट्यावर निम्मा चढला पाहिजे. कॉम्प्रेसरच्या टाकीतले पाणी आधी काढून टाका, नाहीतर रंगाबरोबर पाण्याचे थेंब उडतात.

रंग वरून वाळला तरी आतून पक्का व्हायला वेळ लागतो. आठ-दहा दिवस तरी ट्रॉलीत खत किंवा धान्य भरू नये.

कशाला रंग लावू नये

१. चेसिस नंबर, इंजिन नंबर आणि त्यांची पट्टी. हे आकडे घासू नयेत आणि रंगाखाली बुजवूही नयेत.
२. मागचे लाल परावर्तक आणि चमकत्या पट्ट्या. रात्री रस्त्यात उभी असलेली ऊस-ट्रॉली मागून येणाऱ्याला दिसते ती याच पट्ट्यांमुळे. रंगवताना त्या झाकून ठेवाव्यात आणि जुन्या निस्तेज झाल्या असतील तर काम संपताच नव्या लावाव्यात. रंग नवा आणि पट्ट्या रंगाखाली गेलेल्या, अशी ट्रॉली रस्त्यावर काढू नये.
३. ग्रीस निपल, हायड्रॉलिकच्या जॅकची चकचकीत दांडी, रबरी पाइप, टायर, ब्रेकचे भाग.
४. रेडिएटरची जाळी. रंगाने ती बुजते आणि इंजिन तापते.
५. सायलेन्सर. त्याला साधे एनॅमल जळून जाते, उष्णता सोसणारा वेगळा रंग मिळतो.

ट्रॅक्टरचा रंग नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेला असतो. रंगच बदलायचा असेल तर आधी परिवहन कार्यालयात चौकशी करावी.

माणसे, मुले आणि जनावरे

आता नीट ध्यान द्या. जुन्या यंत्रांवरील पिवळ्या, नारिंगी आणि लाल रंगांत शिसे असू शकते. जुन्या काळी लोखंडाला लावत तो शेंदरी प्रायमर तर शिशाचाच असे. घरगुती व शोभेच्या रंगांत शिशाचे प्रमाण दहा लाख भागांत ९० भागांपेक्षा जास्त असू नये, असे नियम केंद्र सरकारने २०१६ साली केले आणि ते नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाले. पण आपल्या अंगणात उभी असलेली यंत्रे त्याहून जुनी असतात, आणि यंत्रांचे रंग घरगुती रंगांत मोडतातच असे नाही.

शिसे लहान मुलांच्या मेंदूला अपाय करते. गरोदर बाईनेही या धुळीपासून लांब राहावे. आणि जनावरांचे म्हणाल तर गाई-म्हशींना, विशेषतः वासरांना, रंगाचे पापुद्रे चाटायची खोड असते. त्यातून विषबाधा होते. जनावर आंधळ्यासारखे भिंतीला डोके टेकून उभे राहते, दात खाते, झटके येतात, आणि बऱ्याचदा हाताला लागत नाही. अशी लक्षणे दिसताच पशुवैद्यकाला बोलवा आणि रंग खरवडल्याचे त्यांना आवर्जून सांगा.

म्हणून घासकाम गोठा, कडबा, विहीर आणि पाण्याचा हौद यांपासून दूर करावे. खाली जुने प्लॅस्टिक अंथरावे. जुना घट्ट रंग शक्य तिथे ओला करून घासावा, धूळ उडत नाही. भुगा गोळा करून बंद डब्यात ठेवावा, उकिरड्यात टाकू नये, कारण तेच खत उद्या शेतात जाते. जुना रंग जाळून काढू नये. काम झाल्यावर हात-तोंड धुऊन, कपडे बदलून मगच जेवावे आणि मुलांना जवळ घ्यावे.

नाकाला बांधलेला रुमाल थिनरची वाफ अडवत नाही. बंद खोलीत स्प्रे मारू नये, वारा पाठीवर घ्यावा. डोके जड वाटले तर काम सोडून मोकळ्या हवेत यावे. जवळ बिडी-काडी नको. हार्डनर घालून मारायचे चकचकीत रंग मिळतात, त्यांच्या फवाऱ्याने दमा जडू शकतो. ते काम योग्य साधने असलेल्या वर्कशॉपवरच सोपवावे. रंगाने भिजलेली फडकी गोळा करून कोपऱ्यात टाकू नयेत, ती आपोआप तापून पेट घेऊ शकतात. उघड्यावर पसरून वाळवावीत.

श्रोत्यांचे काही प्रश्न

प्रश्न : फवारणीच्या पंपाने रंग मारला तर चालेल का?
उत्तर : नाही. रंग नीट उडत नाही आणि पंप कायमचा बाद होतो. शिवाय पंपात राहिलेले औषध अंगावर येते.

प्रश्न : नवा रंग मारताच जुना रंग सुरकुतून वर आला. असे का झाले?
उत्तर : जुन्या एनॅमलवर तुम्ही लॅकर रंग किंवा जहाल थिनर वापरला असावा. त्याने खालचा रंग फुगतो. आधी एका कोपऱ्यात हातभर जागेवर मारून एक दिवस पाहावे, मगच पुढे जावे. आता तेवढा भाग खरवडून पुन्हा प्रायमरपासून सुरुवात करा.

प्रश्न : ग्राइंडरला तारेची वाटी लावून घासले तर काम लवकर होईल का?
उत्तर : होईल. पण तारेचे तुकडे गोळीसारखे उडतात, चश्म्याशिवाय हात लावू नका. पातळ पत्रा एका जागी जास्त घासला तर तापून वाकडा होतो. आणि जुना शिशाचा रंग असेल तर ग्राइंडरने धूळ फार उडते, तिथे हातानेच ओले घासावे.

प्रश्न : ट्रॉलीच्या तळाचा रंग दगड-मातीने लगेच जातो. मग तिथे कशाला रंगवायचे?
उत्तर : वरचा रंग जातो हे खरे. पण तळ सडतो तो बहुतेक खालून आणि सांध्यांतून. तिथला रंग शाबूत राहतो. वरच्या बाजूला दर वर्षी उन्हाळ्यात खरवडलेल्या जागांपुरता प्रायमर व रंग द्यावा.

रंग टिकवण्यासाठी

खत वाहिले की त्याच दिवशी ट्रॉली झाडून धुवावी. उभी करताना एका बाजूला थोडा उतार ठेवावा, म्हणजे पाणी साचत नाही. ओले पाचट किंवा शेणखत आत पडू देऊ नये. रंगाला ओरखडा पडलेला दिसला तर तो वाढण्याची वाट पाहू नये. गव्हावरच्या तांबेऱ्याचे एक पान दिसताच आपण सावध होतो, तसेच इथेही व्हावे. एका बोटाएवढ्या जागेला घासायला दहा मिनिटे लागतात, दोन पावसाळे गेल्यावर तिथेच पत्रा बदलावा लागतो.

थोडक्यात सांगायचे तर आधी धुवा, मग तपासा, मग घासा, उघड्या लोखंडाला त्याच दिवशी प्रायमर द्या आणि शेवटी दोन पातळ हात रंग द्या. चार दिवसांचे काम असेल तर तीन दिवस रंगाचा डबा उघडायचाच नाही, असे ठरवून टाका.

आमच्या त्या ट्रॉलीचे पुढे काय झाले, हे विचाराल. दांडी नवी बसवली. पुढच्या वैशाखात वडील आणि मी दोघांनी मिळून ती खालपासून घासली. घासताना आणखी दोन जोड सुटलेले सापडले, ते वेळीच नीट करून घेतले. रंग मात्र वडिलांनी निवडला. मी या वेळी हट्ट केला नाही.

या उन्हाळ्यात तुम्ही ट्रॉली काढाल तेव्हा पहिल्यांदा ओढदांडीच घासा. काय दिसले ते आम्हाला पत्राने जरूर कळवा. पुढच्या कार्यक्रमात भेटूच. रामराम.